वन आरके, वन बीएचके विकायला काढलाय? या चुका टाळा

बाबा गेले आणि वर्षभराने आम्ही त्यांचा डोंबिवली पूर्वेचा वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, विकायला काढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, पाणी सकाळी सहा ते साडेसात. तो विकायला आम्हाला चौदा महिने लागले. तेवढ्यात तीसएक कुटुंबं बघून गेली आणि जवळजवळ प्रत्येकाने जाताना तेच सांगितलं, "घरी बोलून कळवतो." आम्ही भावंडं एकमेकांची समजूत काढायचो, की रूमच एवढीशी, कोण घेणार?

मग आमच्या समोरचा, अगदी तेवढाच ब्लॉक अडीच महिन्यांत गेला. तोच जिना, तेच पाणी, तेवढीच जागा.

पुढे ओळखीपाळखीतल्या घरांचे व्यवहार बघता बघता हेच माझं काम झालं. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात मी रिसेलचे फ्लॅट दाखवते आणि त्यातले बहुतेक चारशे फुटांच्या आतलेच असतात. छोटं घर बघायला येणाऱ्याला ते छोटं आहे हे घरातून निघतानाच माहीत असतं. त्याच्या ऐपतीत तेवढंच बसतं, म्हणून तो येतो. बहुतेक वेळा ते त्याचं पहिलं घर असतं. हातात रक्कम थोडी, सगळी मदार कर्जावर आणि एकदा फसलो तर सावरायला मागे काही नाही. त्यामुळे मोठा फ्लॅट घेणाऱ्यापेक्षा हा माणूस कितीतरी जास्त धास्तावलेला असतो. छोटी घरं पडून राहतात ती बहुधा या माणसाला न ओळखल्यामुळे.

आधी बघा, गाडी नेमकी कुठे अडलीय

किंमत कमी करण्याआधी हे शोधा. फोनच येत नसतील तर जाहिरातीत किंवा किमतीत खोट आहे. फोन येतात पण बघायला कोणी येत नाही, म्हणजे फोनवर असं काही कळतंय जे जाहिरातीत लपवलं होतं. लिफ्ट नसणं, पाण्याची वेळ, तळमजल्यावरचं दुकान, काहीही. लोक बघायला येतात पण दुसऱ्यांदा येत नाहीत, तर घराच्या आत काहीतरी खटकतंय. आणि दुसऱ्यांदा येतात, आईवडिलांना आणतात, बोलणी होतात आणि मग तुटतं, तेव्हा अडचण पैशांच्या जुळणीची असते, नाहीतर कागदांची.

दुसरी फेरी हीच खरी खूण. पहिल्या फेरीला माणूस सहज येतो. दुसऱ्या फेरीला तो मनात सामान लावायला येतो. शंभर लोक एकदाच येऊन गेले असतील तर ते "रिस्पॉन्स चांगला आहे" म्हणून मिरवण्यासारखं नाही.

हप्ता बघून किंमत लावणं

विकणारा म्हणतो, "आजकाल छत्तीस लाखांना काय मिळतं? तीस लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता सव्वीस हजार. दोघं कमावतात, सहज झेपेल." हप्ता झेपतोच. अडतं ते उभ्या रकमेवर, म्हणजे सुरुवातीलाच हातात लागणाऱ्या पैशांवर.

हिशोब मांडून बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकतात, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात धरली जात नाही, ती खिशातूनच भरायची. कल्याण-डोंबिवलीत मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर जात नाही.

आता किंमत ३६ लाख धरा. कर्ज ३० लाख. स्वतःचे ६ लाख, मुद्रांक शुल्क २ लाख ५२ हजार, नोंदणी ३० हजार. एकूण ८ लाख ८२ हजार हातात हवेत, दलाली आणि वकील वेगळे.

तोच फ्लॅट ३३ लाखांना. कर्ज २९ लाख ७० हजार, म्हणजे हप्ता जवळजवळ होता तेवढाच. पण हातातली रक्कम? ३ लाख ३० हजार, अधिक २ लाख ३१ हजार, अधिक ३० हजार. ५ लाख ९१ हजार.

किंमत तीन लाखांनी उतरली आणि ती जवळजवळ सगळीच्या सगळी गिऱ्हाइकाच्या उभ्या रकमेतून उतरली. पावणेनऊ लाख जमवू शकणारी आणि सहा लाख जमवू शकणारी कुटुंबं यांच्या संख्येत केवढा फरक असतो ते या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. उलट ४० लाख मागितलेत, तर कर्ज ८० टक्क्यांच्या टप्प्यात जातं. ३२ लाख कर्ज आणि हातात ११ लाख १० हजार. एवढे अकरा लाख जवळ असलेला माणूस मग वन आरके कशाला बघेल, तो थोडं पुढे जाऊन बदलापूरला मोठा वन बीएचके बघतो.

प्रत्येक बँक ९० टक्के देतेच असं नाही. जुन्या इमारतीला हात आखडता घेतात, आणि बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत कमी धरली तर कर्ज त्यावर ठरतं. म्हणून घर विकायला काढण्याआधी एखाद्या बँकेत जाऊन विचारून घ्या, की आमच्या इमारतीवर तुम्ही कर्ज देता का आणि साधारण किती. "या बिल्डिंगला अमुक बँकेचं कर्ज झालेलं आहे" हे एक वाक्य किमतीत दहा-वीस हजार कमी करण्यापेक्षा जास्त काम करतं. घर एकट्या बाईच्या नावावर होणार असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ३३ लाखांवर ३३ हजार. हे गिऱ्हाइकाला बरेचदा माहीत नसतं. तुम्ही सांगा.

"थोडे रोख द्या"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि विकणाऱ्याला वाटतं की यात त्याचा फायदा आहे.

३६ लाखांतले ६ लाख रोख मागितले. करारावर ३० लाख. गिऱ्हाइकाला सांगायचं, "तुमचं मुद्रांक शुल्क वाचेल." वाचतात ४२ हजार. पण कर्ज आता तीस लाखांवर ठरणार, म्हणजे जास्तीत जास्त २७ लाख. त्याला आता हातात हवेत ३ लाख, ६ लाख रोख, २ लाख १० हजार आणि ३० हजार. ११ लाख ४० हजार. सरळ व्यवहारात पावणेनऊ लाखांत जे घर येत होतं त्याला आता अडीच लाखांहून जास्त वरचे जमवावे लागतात, आणि तेही रोख, ज्यासाठी कुठलीही बँक कर्ज देत नाही.

शिवाय हा गुन्हा तुमच्या गळ्यात येतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. मी असे व्यवहार करत नाही, आणि कोणी करावेत असं मला वाटत नाही. ज्या माणसाने सात वर्षं भिशी आणि आरडी करून पाच लाख जमवलेत, त्याच्यासमोर "एक नंबर किती, दोन नंबर किती" हा प्रश्न टाकला की तो उठून जातो. परत येत नाही.

साडेचारशेची रूम

नव्वदच्या दशकातल्या करारांवर बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट मोजलेली जागा, लिहिलेलं असतं, कधी त्याच्याही वरचं काहीतरी. मालक तोच आकडा पाठ करून बसतो. "माझी साडेचारशेची आहे." टेप लावली की आत निघतात दोनशे नव्वद.

२०१६ च्या रेरा कायद्याने, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने, कार्पेटची व्याख्या पक्की केली. आतल्या भिंती धरून घराच्या आतली वापरायची जागा, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून. तुमची इमारत जुनी असेल, रेरात नसेल, तरी बाजाराची भाषा आता कार्पेटचीच झालीय. नवीन प्रकल्पांच्या जाहिराती वाचून वाचून गिऱ्हाईक तयार असतो. त्याला साडेचारशे सांगितलंत आणि दारातून आत येताच त्याच्या डोळ्यांना तीनशे दिसलं, तर पुढचं तुमचं प्रत्येक वाक्य तो अर्धं करून ऐकतो. पाणी दीड तास येतं म्हणालात तर पाऊण तास समजतो.

टोकन दिल्यावर बँकेचा माणूस मोजायला येतोच. त्याच्या मोजमापाने व्यवहार फिसकटण्यापेक्षा आधीच रविवारी सकाळी टेप घेऊन बसा. हॉल, स्वयंपाकघर, मोरी, संडास, पॅसेज, एकेक माप कागदावर लिहा. दाराची रुंदीसुद्धा लिहा, कारण फ्रिज आत जाईल का हा प्रश्न दहातले आठ जण विचारतात.

आरकेचा बीएचके केलेला असतो तेव्हा

बाल्कनीत ओटा टाकून स्वयंपाकघर तिथे नेलं, जुन्या स्वयंपाकघराची बेडरूम केली आणि वन बीएचके म्हणून विकायला काढला. राहायला हे सोयीचं असतं, आमच्या भागात घराघरांत झालंय. पण मंजूर नकाशावर ते घर वन आरकेच आहे. बँकेचा व्हॅल्युअर नकाशा हातात धरून उभा राहतो आणि अहवालात फरक नोंदवतो. तिथे काही बँका किंमत आरकेचीच धरतात, काही सरळ नाही म्हणतात.

म्हणून जाहिरातीत वन आरकेच लिहा. आत आल्यावर "आम्ही बाल्कनीत ओटा केलाय, त्यामुळे एक खोली सुटी मिळते" असं दाखवा. वन आरकेच्या पैशांत बेडरूम बघून माणूस खूश होतो. वन बीएचकेच्या पैशांत आरके बघून तो चिडतो. भिंत पाडली असेल आणि ती कॉलमला किंवा बीमला लागून असेल, तर मात्र ते इंजिनीअरला दाखवून घेतल्याशिवाय घर दाखवूच नका.

सामानाने भरलेली खोली

ठाकुर्लीला एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. वन बीएचके, हॉल दहा बाय चौदा. त्यात दिवाण, दोन गोदरेजची कपाटं, शिलाई मशीन, घडीचं जेवणाचं टेबल, टीव्हीचं युनिट, आणि कोपऱ्यात उभी केलेली दोन गाद्यांची वळकटी. दारातून खिडकीकडे जायला जी वाट उरली होती ती मी टेपने मोजली. एकवीस इंच. नवराबायको घर बघायला आले की एक जण आत जायचा आणि दुसरा दारात थांबायचा, कारण दोघं एकदम उभे राहू शकत नव्हते. आठ महिने हे चाललं होतं.

मी म्हटलं, "काका, एक कपाट आणि मशीन हलवूया."

"अगं, ते कपाट तुझ्या काकूच्या माहेरचं आहे. ती होती तेव्हापासून तिथेच आहे."

काकू जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी त्यावर काही बोलले नाही. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. टिटवाळ्याला पुतण्याची खोली रिकामी होती, कपाट, मशीन आणि टेबल तिकडे नेलं, तीन महिन्यांपुरतं. खिडकीला बाहेरून पेटीसारखं ग्रिल होतं, त्यात तुळस, रिकामे डबे आणि पावसाळ्यासाठी लावलेला निळा प्लॅस्टिकचा कागद होता. तो कागद आम्ही काढला. दुपारी साडेतीनला त्या खिडकीतून हॉलच्या अर्ध्या फरशीवर ऊन पडतं, हे काका स्वतःच विसरून गेले होते.

त्यानंतर मी सगळ्यांना साडेतीनलाच बोलावलं. चौथं कुटुंब आलं, त्यातला मुलगा हॉलच्या मध्ये उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात फाकवून बघितले. हात कशाला लागले नाहीत. बायकोला म्हणाला, "इथे पाळणा राहील." तो व्यवहार झाला.

पण म्हणून घर पूर्ण रिकामं करू नका. ही उलट बाजूची चूक आहे. अगदी मोकळी दहा बाय बाराची खोली डोळ्यांना आणखी लहान दिसते, कारण मोजायला काही नसतं. इथे पलंग मावेल का हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि तो मनात "नाही मावणार" धरून चालतो. एक पलंग, एक खुर्ची, ओट्यावर शेगडी. एवढं राहू द्या.

ओल झाकणं

रंग काढून ओल झाकता येत नाही, निदान इथल्या पावसात नाही. बाथरूमच्या भिंतीवर पापुद्रे सुटलेत, त्यावर नवा डिस्टेंपर मारला, की नव्या रंगाच्या वासानेच माणूस सावध होतो. एका घरी डागावर कालनिर्णय टांगलं होतं. बघायला आलेल्या ताईंनी तिथी बघायची म्हणून पान उलटायला हात लावला, अख्खं कालनिर्णय खिळ्यावरून निसटलं आणि मागे परातीएवढा काळा डाग. त्या काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि गेल्या.

ओल कुठून येते ते आधी शोधा. गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सोसायटीचं काम आहे. वरच्याच्या मोरीतून किंवा संडासातून येत असेल तर ती त्याची जबाबदारी, त्याच्याशी बोलावं लागेल. सोसायटीला लेखी अर्ज द्या, त्याची पोच ठेवा. दुरुस्ती झाली असेल तर बिल ठेवा आणि डाग तसाच राहू द्या. "गेल्या मे महिन्यात वॉटरप्रूफिंग झालं, हे बिल, हा जुना डाग" असं सांगून हात लावायला सांगा. कोरडा डाग दाखवता आला तर त्याच्याइतका भरवसा कोणताही नवा रंग देत नाही. आमच्याकडे जाणती गिऱ्हाइकं मुद्दाम जुलैत येतात. घरात ओल नसेल तर तुम्हीही त्यांना जुलैतच बोलवा.

कागद नंतर बघू

इथे मी थोडं सविस्तर लिहिते, कारण आमचा स्वतःचा एक चांगला गिऱ्हाईक इथेच गेला.

फ्लॅट बाबांच्या नावावर. सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव. आम्ही समजून चाललो होतो, की नॉमिनी आहे म्हणजे तो सही करेल आणि झालं. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने गेलेल्या माणसाची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळ्यांचा सारखा हक्क. लग्न झालेल्या मुलींचाही. आमची थोरली बहीण नाशिकला. तिचा काही विरोध नव्हता, फक्त तिला आम्ही सांगितलंच नव्हतं की तुझी सही लागेल. गिऱ्हाइकाच्या वकिलाने कागद बघितले, बहिणीचं नाव विचारलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ती यायला, कागद व्हायला दोन महिने गेले. तेवढ्यात त्या माणसाने कोपरला घर घेतलं. बहिणीला वाईट वाटलं ते वेगळंच, आणि ते अजून माझ्या मनात आहे.

तर वारस किती आहेत ते आधी बसून लिहा. सगळ्यांनी विक्रेते म्हणून सही करायची, की काहींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, हे घर दाखवायला सुरुवात करण्याआधी ठरवा. एखादा भाऊ अमेरिकेत किंवा आखातात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून किंवा नोटरीकडून साक्षांकित होऊन यावं लागतं, त्याला वेळ लागतो.

मग करारांची साखळी. बिल्डरकडून पहिल्याने घेतलं, त्याच्याकडून दुसऱ्याने, त्याच्याकडून तुम्ही. प्रत्येक टप्प्याचा नोंदणीकृत करार, पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा, हवं. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, हे सगळं करावं लागतं. गिऱ्हाईक आल्यावर धावपळ करण्याचं हे काम नाही. तुमच्या घरावर जुनं कर्ज होतं आणि ते फिटलं, तर बँकेकडून बोजा उतरवल्याचं पत्र आणि मूळ कागद परत घेतलेत ना? चालू असेल तर किती बाकी आहे याचं पत्र काढून ठेवा.

आणि भोगवटा प्रमाणपत्र, ओसी, म्हणजे इमारत राहायला वापरता येते असा महापालिकेचा दाखला. डोंबिवलीत आता पहिल्या फोनलाच ओसी विचारतात. ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथे घर घेतलेली माणसं कर्जाचे हप्ते भरणारीच होती. ती बातमी इथल्या प्रत्येक घरात पोचलीय. त्यामुळे "ओसी आहे, बघू कधीतरी" हे उत्तर आज चालत नाही. ओसीची प्रत सोसायटीच्या फायलीतून काढा आणि मोबाइलमध्ये ठेवा. नसेल, तर नाही म्हणून सांगा आणि किंमत त्या हिशोबाने लावा. ओसी नसल्याचं लपवलं तर ते टोकन झाल्यावर बाहेर येतं, आणि मग टोकन परत करताना जी भांडणं होतात ती मी बघितलीत.

मेंटेनन्स आणि सोसायटी

मेंटेनन्सबद्दल एक गोष्ट बऱ्याच विकणाऱ्यांनाही ठाऊक नसते. आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, जागा कितीही असो. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, बांधकाम खर्चावर, पण वॉचमन, झाडू, जिन्यातली वीज हे सगळ्यांना सारखं. ज्या इमारतीत टू बीएचकेही आहेत तिथे वन आरकेवाल्याला हे जड जातं. छोट्या घराच्या गिऱ्हाइकाला महिन्याचे हजार-दीड हजार म्हणजे हिशोबाची गोष्ट. त्याला ते दुसऱ्या भेटीत शेजाऱ्याकडून कळू देऊ नका, बिलच दाखवा.

हस्तांतर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या माणसाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, तीही आधी ठरवा. महापालिका हद्दीत सोसायटीला २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही, हे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिलंय. "बिल्डिंग फंड"च्या नावाखाली लाखभर मागितले जातात तेव्हा व्यवहार तुटतो, आणि विकणारा कमिटीशी वाईटपणा नको म्हणून गप्प बसतो. गप्प बसू नका, नियम दाखवा.

इमारत तीस वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. झालं असेल तर अहवालाची प्रत मागून घ्या. बँक इमारतीचं वय आणि कर्जाची मुदत मिळून बघते.

रिडेव्हलपमेंटचं आमिष

"दोन वर्षांत बिल्डिंग पाडणार, तुम्हाला मोठं घर मिळेल" असं सांगून चार लाख वाढवून मागणारे मी दर आठवड्याला भेटते. करारनामा झालेला नाही, बिल्डर ठरलेला नाही, एका सभेत चर्चा झालीय फक्त. आता समोरच्या माणसाच्या जागी उभे राहा. त्याला पुढच्या महिन्यात राहायला जायचंय. त्याच्या बँकेने "इमारत पाडणार" हे ऐकलं तर कर्ज अडतं. भाड्याच्या घरातून सुटण्यासाठी तो आलाय आणि तुम्ही त्याला पुन्हा भाड्याच्या घरात पाठवायची गोष्ट सांगताय. हे ऐकून येतो तो कर्ज न घेणारा गुंतवणूकदार, आणि तो चार लाख जास्त तर देत नाहीच, उलट महिन्याचं भाडं गुणिले बारा करून किंमत पाडून मागतो. तुम्हाला कुणाला विकायचंय ते ठरवा आणि त्याच्याशी त्याच्या कामाचं बोला.

पाच एजंट, पाच किमती

एकच फ्लॅट तीन पोर्टलवर, एकीकडे ३४, एकीकडे ३६ आणि एकीकडे "किंमत फोनवर". बघणाऱ्याला वाटतं, मालक अडचणीत आहे किंवा घरात काही खोट आहे. एक किंवा फार तर दोन एजंट, एकच किंमत, एकच माप. फोटो दिवसा काढा, मोबाइल आडवा धरून, दोरीवरचे कपडे काढून. पहिला फोटो खिडकीच्या बाजूचा.

वेळेचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात या. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला टोकन होतात, आणि शाळा सुरू व्हायच्या आत लोकांना घर बदलायचं असतं. पितृपक्षात फोन थांबले म्हणून घाबरून किंमत पाडू नका, दसऱ्यापर्यंत थांबा.

आमच्या घराचं शेवटी काय झालं ते सांगते. बहिणीच्या सहीचे कागद तयार झाले, किंमत आम्ही एकदाच आणि नीट कमी केली, बाबांचं कपाट भावाकडे गेलं. मग मी एका वहीच्या कागदावर सगळं लिहिलं. कार्पेट, खोल्यांची मापं, मेंटेनन्स, पाण्याची वेळ, ओसीची तारीख, कुठल्या बँकेने कर्ज देऊ म्हटलंय, विक्रेते कोण कोण. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि येणाऱ्याच्या हातात खाली गेटवरच द्यायला लागले. दुसऱ्या रविवारी एक मुलगी आली, अंधेरीला नोकरी करणारी, एकटीच. कागद वाचत वाचतच तिने तीन जिने चढले. आत आल्यावर मोरीचा नळ उघडून बघितला, खिडकीत उभी राहिली, पिशवीतून टेप काढली आणि हॉलची एक बाजू मोजली. कागदावरचं माप आणि तिचं माप जुळलं.

टेप पिशवीत टाकत ती म्हणाली, "ताई, पुढच्या रविवारी आईला घेऊन येऊ? तिचे गुडघे दुखतात, पण ती चढेल हळूहळू."